पुढच्या काचेवरचा ओरखडा

तारीख अकरा मे, वार रविवार. ठरलेली रक्कम नऊ हजार रुपये. काच अखंड निघाली तर नऊ हजार, फुटली तर शून्य. हजर: माझे वडील, वय त्र्याऐंशी, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, गुलाबराव मिस्त्री, वय त्यांनाही नक्की माहीत नाही, साठीच्या आसपास, आणि मी, वय पन्नास. जागा बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीचं अंगण. वेळ भर दुपारची, बारा.

ही गेल्या वर्षीची नोंद. यंदाचा मे भाड्याच्या घरात उजाडला. जुनी इमारत पाडून झाली; तिच्याभोवती आता निळे पत्रे आहेत आणि आत एक खड्डा आहे. वडील नोव्हेंबरात गेले. या घरातही दुपारी नळ सोडला की पहिल्या दोन बादल्या कढत येतात, गॅलरीत उभं राहिलं की खालच्या स्कूटरींच्या तापलेल्या सीटचा वास वर येतो. त्या वासाने मला गेल्या वर्षीची ती दुपार आठवते, आणि त्या दुपारच्या मागे उभा असलेला एक फार जुना मे. दोन्ही आता एकमेकांत इतके मिसळले आहेत की एकाबद्दल लिहायला घेतलं तर दुसरा आल्याशिवाय राहत नाही.

इतरांकडे मे म्हणजे आंबे आणि सुट्टी. आमच्याकडे मे म्हणजे यादी. वडील पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. एक मेची सुट्टी नुसती बसून घालवणं त्यांना जमत नसे. सकाळचा चहा झाला की ते पाठकोऱ्या कागदावर पावसाळ्याआधीची कामं लिहायला बसत. गच्चीच्या पाइपाची जाळी साफ करणे. छत्र्यांच्या काड्या बघणे. खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल. गहू-तांदळाला ऊन दाखवून डबे भरणे, हे आईचं. गाडीच्या वायपरची रबरं बदलणे, हे माझं. कागद स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवलेला असे. काम झालं की आपल्या ओळीपुढे खूण करायची आणि तारीख टाकायची. एकतीस मेला वडील तो कागद काढून फाइलला लावत. काम खरंच झालं का, हे ते कधी तपासत नसत. खूण आहे म्हणजे काम झालं, असा त्या घराचा कायदा होता.

तो मी एकदा मोडला. त्या दुपारच्या एकतीस वर्षं आधी, एकोणीस वर्षांचा असताना.

गाडी बाहत्तर सालची, राखाडी रंगाची. वडिलांनी ती त्र्याऐंशीत सेकंडहँड घेतली. ज्या कारखान्यात ती बनली तो बंद पडून कित्येक वर्षं झाली. शेवटची बारा वर्षं ती सोसायटीच्या आवारातल्या कोपऱ्यात उभी होती. कागदपत्रांची मुदत संपली, मग टायर बसले, मग खालचा पत्रा गंजून ड्रायव्हरच्या पायाखाली जमीन दिसू लागली. इमारत पाडायचं ठरलं आणि एकतीस मेपर्यंत आवार मोकळं करा असं पत्र आलं, तेव्हा भंगारवाला येऊन वजनाचा अंदाज बांधून गेला. मी हो म्हणालो. वडिलांनी एकच अट घातली.

"पुढची काच भंगारात जाता कामा नये. ती कुणाच्या तरी गाडीला लागली पाहिजे."

एरवी ते काही मागत नसत. त्या वर्षी त्यांनी दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांत निरोप सोडला आणि तिसऱ्या दिवशी नीलेश नावाच्या तरुणाचा फोन आला. तो कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. आजोबांची अगदी तीच गाडी त्याने दोन वर्षं खपून उभी केली होती. इंजिन झालं होतं, रंग झाला होता, सीटा झाल्या होत्या. पुढची काच कुठे मिळत नव्हती म्हणून गाडी ताडपत्रीखाली होती. "सर, फक्त क्रॅक नको," तो म्हणाला. "बाकी काहीही असू दे, मी बघून घेईन."

बाकी काय आहे ते मी त्याला फोनवर सांगितलं नाही. ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर, काचेवर एक ओरखडा होता. वायपर फिरतो तसा, अर्धगोल, जवळजवळ हातभर लांब. बोट फिरवलं की नखाला लागायचा. संध्याकाळी समोरून दिव्याचा उजेड आला की तो सगळाच्या सगळा पेटून उठायचा. तो पडल्यानंतरही वडिलांनी अठरा-एकोणीस वर्षं तीच गाडी चालवली, तीच काच ठेवली, आणि शेजारच्या सीटवर बसून मी तो ओरखडा बघत आलो. त्याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत. काच न बदलणं हेच त्यांचं बोलणं, असं मी समजून चाललो होतो.

म्हणून सांगतो, ती काच अखंड निघावी असं वडिलांना वाटत होतं, नीलेशला वाटत होतं, मिस्त्रींना त्यांच्या इभ्रतीसाठी वाटत होतं. मला ती फुटायला हवी होती. दुसऱ्याच्या गाडीत बसून ती रस्त्यावर फिरावी, हे मला सहन होत नव्हतं.

गुलाबराव मूळचे पुसदकडचे. पुण्यात तीस वर्षं काढली तरी बोलणं तिकडचंच राहिलं आहे. आल्या आल्या त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, काचेच्या कडेच्या रबरावर अंगठा दाबला आणि म्हणाले, "काकाजी, हे उन्हात न्या लागते. थंडीत हे रबर म्हणजे गोटा. मे महिन्यात बारा ते तीन, तेवढ्याच वेळात ते माणसाचं ऐकते."

आम्ही चौघांनी, म्हणजे मी, मिस्त्री, वॉचमन आणि वरच्या मजल्यावरचे जोशी, बसल्या टायरांवरची ती गाडी ढकलत उन्हात आणली. जोशी म्हणाले, "बारा वर्षांत पहिल्यांदा हलली. पेट्रोल वाचलं बघा." आणि वर निघून गेले.

माझी बायको सुनीता भांडंभर पाणी घेऊन आली. मिस्त्रींनी त्यात बोट बुडवून पाहिलं. "कोमट हाये ना? बरं केलं ताई. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की संपलं काम." पाण्यात शाम्पू घालून त्यांनी ते रबराच्या कडेने सोडलं. खिशातून लाकडाची एक चपटी पट्टी काढली, आइस्क्रीमच्या काडीसारखी पण रुंद. मी मदत म्हणून स्क्रू ड्रायव्हर पुढे केला.

"तो दूर ठेवा साहेब. काच मधून फुटत नाही, कडेतून फुटते. कडेला लोखंड लागलं की गेली."

रबराच्या बाहेरच्या खाचेत चमकती पट्टी बसवलेली असते, ती त्यांनी इंचाइंचाने सोडवून काढली. मग आत बसून रबराचा काठ पत्र्यावरून उलटा काढायला घेतला. खालची बाजू सुटली. डावी बाजू सुटली. उजव्या कोपऱ्यात आणि वरच्या कडेला पट्टी शिरेना. मिस्त्री बाहेर आले, डोळे बारीक करून वाकले, नखाने काहीतरी खरवडलं आणि ते नाकाशी नेलं.

"हे कोणं केलं?"

"मी," मी म्हणालो.

त्याच्या आठ वर्षं आधी पावसाचं पाणी त्या कडेने झिरपून पुढची सीट कुजायला लागली होती. घरात नुकत्याच सरकत्या खिडक्या बसवल्या होत्या आणि काचा सांधायच्या चिकट लुकणाची अर्धी नळी उरली होती. नवीन रबर चौदाशेला होतं. मी ती अर्धी नळी रबर आणि काच यांच्यामध्ये, रबर आणि पत्रा यांच्यामध्ये, सगळी पिळून मोकळी केली होती. गळती थांबली. चौदाशे वाचले म्हणून त्या दिवशी मी खूश होतो.

"बाथरूमचं हाये हे," मिस्त्री म्हणाले. "हे उन्हाले भीत नाही."

खुर्चीतून वडील म्हणाले, "गाडीला बाथरूमचं लुकण. आता एक टॉवेल लावायला दांडी बसवायची राहिली."

मिस्त्री हसले. मी हसलो नाही. कारण वडिलांची नजर माझ्यावर नव्हती, त्या उजव्या कोपऱ्यावर होती.

मिस्त्रींनी हिशेब सांगितला: रबर वाचवायचं किंवा काच, दोन्ही वाचणार नाही. वडिलांनी मान हलवली. ब्लेडने रबराचा बाहेरचा काठ कापून काढला. काच आता उघडी पडली होती, फक्त माझ्या लुकणाने धरून ठेवलेली. मग त्यांनी पिशवीतून मासे धरायची नायलॉनची दोरी काढली, दोन टोकांना लाकडाचे तुकडे बांधले, एक टोक सुटलेल्या कोपऱ्यातून आत सरकवलं. मी आत बसायचं, त्यांनी बाहेर उभं राहायचं आणि करवतीसारखी दोरी आळीपाळीने ओढायची. ते ओढतील तेव्हा मी सोडायचं, मी ओढेन तेव्हा त्यांनी. "ताणाची नाही. काच उचलू पाहाल तर कडेतून फुटते. नुसती ये-जा."

लुकण लागलेली कड मी टेपने मोजली. साठ इंच. दहा मिनिटांत चार इंच कापले गेले. म्हणजे अडीच तास.

बारा वर्षं बंद असलेल्या गाडीच्या आत मेच्या दुपारी अडीच तास बसलं की काय होतं, ते सांगतो. सीटच्या रेक्झिनला आंबट वास सुटतो. घाम भुवईतून डोळ्यात उतरतो आणि तो पुसायला हात मोकळा नसतो. समोर काच असते आणि काचेपलीकडे एक माणूस तुमच्याच लयीत पुढेमागे होत असतो. आणि तुम्ही डाव्या सीटवर बसलेले असता, त्याच सीटवर, आणि उजवीकडे, ड्रायव्हरच्या जागेसमोर, तोच अर्धगोल असतो.

मी एकोणीसचा होतो त्या वर्षी मेमध्ये वडिलांनी मला चाळीस रुपये दिले होते. वायपरच्या रबरांची जोडी आणायला. दुकान स्वारगेटच्या पलीकडे होतं. त्या दिवशी कॉलेजातले तिघे भेटले. एक सिनेमा, एक सिगारेटचं पाकीट, बाकी भेळ. जुनी रबरं मी बोटाने तपासली होती. कडेला थोडी चिरली होती. अजून एक पावसाळा निघेल असा मीच मला निर्वाळा दिला. घरी येऊन यादीवर खूण केली. तारीख टाकली, सव्वीस मे. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं, हेही आठवतं.

जुलैमध्ये एका दुपारी, चार वाजता, आईच्या छातीत कळ आली. ती शेहेचाळीस वर्षांची होती. तांदळाच्या डब्यातून वाटी काढता काढता ती खाली बसली. वडील घरी होते, त्यांनी तिला उचलून मागच्या सीटवर निजवलं. मी पुढे डावीकडे बसलो. दवाखाना सदाशिव पेठेत. एरवी अठरा मिनिटांचा रस्ता. पाऊस असा होता की समोरच्या रिक्षाचा फक्त पिवळा रंग दिसावा, रिक्षा दिसू नये. डावीकडचं रबर अप्पर रोडलाच पट्टीसकट निखळून उडालं. उजवीकडचं स्वारगेटच्या अलीकडे गेलं. मग नुसती लोखंडी पट्टी काचेवर फिरू लागली. तो आवाज मी शब्दांत लिहू शकत नाही आणि लिहायचाही नाही. वडिलांनी वायपर बंद केला तर काहीच दिसेना, म्हणून पुन्हा चालू केला. पट्टी ओरबाडत होती आणि त्या ओरबाडण्यातून थोडा रस्ता दिसत होता.

स्वारगेटच्या चौकात त्यांनी गाडी बाजूला घेतली. म्हणाले, "पळत जा, टपरीवरून तंबाखू आण. तंबाखू चोळली की काचेवर पाणी थेंब धरत नाही."

मी खिशात हात घातला आणि पाकीट काढलं. सवय लागली होती एव्हाना. चार सिगारेटी उरल्या होत्या. पाकीट मी त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. चारही सिगारेटी हातावर मोडल्या, भर पावसात बाहेर उतरून तंबाखू काचेवर चोळली. बाहेरून त्यांचा तळवा काचेवर गोल गोल फिरत होता आणि आतून मी त्यांचा तोंडवळा शोधत होतो. मागे आई विचारत होती, "का थांबलो? आलं का?" मी म्हणालो, "आलंच आई." ते खोटं होतं.

तंबाखूने थोडं दिसू लागलं. पोचायला सत्तेचाळीस मिनिटं लागली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. हे वाक्य डॉक्टर पुष्कळांना म्हणत असतील. मी नंतर हिशेब केला: सत्तेचाळीसातून अठरा गेले एकोणतीस. त्या एकोणतीस मिनिटांतली पावसाची किती, चौकातल्या कोंडीची किती आणि माझी किती, हे मला कधी वेगळं काढता आलं नाही. वेगळं काढता आलं असतं तर कदाचित मी दुसऱ्या प्रकारचा माणूस झालो असतो. मी झालो तो पावत्या जपणारा, दोनदा मोजणारा, दुसऱ्याच्या खुणेवर विश्वास न ठेवणारा. ऑफिसात लोक याला चोखपणा म्हणतात.

"झालं का साहेब? हात थांबला तुमचा." बाहेरून मिस्त्री म्हणाले.

साडेतीनच्या सुमारास दोरी शेवटच्या कोपऱ्यातून मोकळी बाहेर आली. मिस्त्रींनी पाणी प्यायलं, तोंडावर मारलं, आणि काचेवरून हात फिरवताना त्यांचं बोट अडलं.

"हे कशानं झालं काकाजी?"

"वायपरने," वडील म्हणाले.

"मंग बदलून टाकाची होती काच तवाच."

"तीनदा गेलो बदलायला. एकदा मुंबईलाही जाऊन आलो. मिळाली नाही."

मी दरवाजाला धरून उभा होतो. एकतीस वर्षं मी ज्याला शिक्षा समजत आलो ती शिक्षा नव्हती. दुकानात माल नव्हता. मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. उलट रागच आला, कुणावर ते कळलं नाही. इतकी वर्षं मनातल्या मनात मी त्यांच्या तोंडून काय काय ऐकलं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य त्यांचं नव्हतं.

आता शेवटचं काम. मिस्त्री आत गेले, चपला काढल्या, धुतलेले मोजे चढवले आणि सीटवर उताणे होऊन दोन्ही तळवे काचेच्या वरच्या कोपऱ्याला टेकवले. "हाताले घाई असते, पायाले नसते," ते म्हणाले. सुनीताने बॉनेटवर गोधडी अंथरली. मी बाहेर, समोर, दोन्ही हात पसरून. काच वरून सुटणार, माझ्या अंगावर कलणार, आणि मी तिला खालून धरून गोधडीवर निजवायची.

"सोडू नका म्हणजे झालं."

करकर आवाज झाला. वरचा डावा कोपरा बोटभर पुढे आला. मग मधला भाग. मग उजवा कोपरा, माझ्या लुकणाचे पांढरे धागे ओढत. आणि एकदम ती सगळी माझ्या तळहातांवर होती. तापलेली, वाटली होती त्यापेक्षा जड, माझ्या घामाने निसरडी. आत मिस्त्री उताणे. त्यांना फक्त छत दिसत होतं. सुनीता गोधडीचं टोक सरळ करायला वाकली होती. मी बोटं जराशी ढिली केली असती तर काच खालच्या शहाबादी फरशीवर कडेवर पडली असती आणि साबुदाण्यासारखी पसरली असती. कुणी मला बोलणार नव्हतं. मिस्त्रींनी आधीच दहा वेळा सांगून ठेवलं होतं की भरवसा नाही. लुकणाला दोष देता आला असता. हा विचार मी केला. किती वेळ केला ते सांगता येत नाही, पण केला. ओरखडा माझ्या डाव्या मनगटाच्या वर आडवा होता आणि त्याच्या आरपार मला खुर्ची दिसत होती. वडील उभे राहिले होते. काठी न घेता. त्यांनी दोन्ही हात पुढे केले होते, वीस फुटांवरून, जणू तिथूनही झेलता येईल.

मी काच गोधडीवर निजवली.

नीलेश चारला आला. काचेभोवती तीनदा फिरला, मोबाइलचा दिवा पाडून चारही कडा पाहिल्या. "सॉलिड, सर! एक चिप नाही!" मग ओरखडा दिसला आणि त्याचा आवाज उतरला.

वडील म्हणाले, "तो लपवायचा नाही म्हणून सांगतो. तो अगदी तुमच्या डोळ्यांसमोर येणार. नको असेल तर आत्ता नको म्हणा."

"नाही नाही आजोबा, पॉलिश करून घेईन मी. एक जण आहे ओळखीचा."

"निघेल?"

"पूर्ण नाही निघणार. डीप आहे. पण दिसणार नाही तितकासा."

"मग पुरे," वडील म्हणाले.

त्याने पैसे वडिलांच्या हातात दिले. वडिलांनी मोजले आणि त्यातले अडीच हजार मिस्त्रींना दिले. दोरी फुकट गेली त्याचे शंभर वेगळे देऊ केले, ते मिस्त्रींनी घेतले नाहीत. गाद्यांमध्ये उभी करून, दोरीने आवळून काच टेम्पोत चढली आणि गेली. अंगणात उन्हं कलली होती. गाडी डोळे काढल्यासारखी उभी होती.

वडील चालत गेले, दार उघडून ड्रायव्हरच्या जागेवर बसले. पायाखाली पत्रा नव्हता. पाय जमिनीवर टेकले. मी दुसऱ्या बाजूने जाऊन माझ्या जागेवर बसलो. समोर आता काहीच नव्हतं. गरम वारा सरळ तोंडावर येत होता.

"बाबा, त्या वर्षी वायपरची रबरं मी आणली नव्हती," मी म्हणालो. "नुसती खूण केली होती."

ते स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसत राहिले.

"चाळीस रुपये दिले होते तुम्ही."

मी पाकिटातून वीस-वीसच्या दोन नोटा काढून त्यांच्यापुढे धरल्या. कशासाठी, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. ते नको म्हणतील, माझा हात मागे सारतील असं मला वाटलं असावं. त्यांनी नोटा घेतल्या. शर्टाच्या खिशात ठेवल्या. मग पँटच्या खिशात बोटं घालून बराच वेळ चाचपडले आणि दोन-दोनची दोन नाणी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"जोडी छत्तीसला होती. वरचे चार तुझ्या चहाचे."

"तुम्हाला किंमत कशी माहीत?"

"तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो होतो दुकानात. दुकानदार म्हणाला, यंदा तुमचा मुलगा आलाच नाही. मीच आणली मग."

म्हणजे त्यांना माहीत होतं. ओरखडा पडला त्या महिन्यापासून माहीत होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं होतं? ती गेली होती. तू एकोणीस वर्षांचा होतास. बोललो असतो तर तुझं काय झालं असतं कोण जाणे." मग दाराच्या कडीला हात घालत ते म्हणाले, "न बोलता निदान खुणा तरी खऱ्या करायला लागलास."

सुनीता चहाला हाक मारत होती. ते आधी उतरले.

पंधरा मेला भंगारवाला गाडी घेऊन गेला. यंदा एक मेला सकाळी चहा झाल्यावर मी पाठकोरा कागद घेतला. भाड्याच्या घरात पावसाळ्याआधीची कामं तीनच निघाली. कागद दाराला आतून लावला. दोन कामं झाली आहेत. त्यांच्यापुढे खुणा आहेत, तारखा आहेत. तिसरं झालेलं नाही. तिथे खूण नाही.

अखेर दिलेली रक्कम: गुलाबराव मिस्त्री यांना अडीच हजार रुपये. माझ्या वडिलांना छत्तीस.